विहिरीतला अहीर

माझ्या मावशीच्या मळ्यातल्या विहिरीत काहीतरी राहतं, हे मला कळायला लागलं तेव्हापासून माहीत होतं. भडगावच्या पुढे, गिरणेपासून जरा आत, एका नाल्याच्या कडेला तो मळा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडं तिथे जायचो. पोहायला नदीवर जायचं, विहिरीत कोणी उतरायचं नाही, असा तिथला रिवाज होता. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे, पाण्यात राहणाऱ्या देवतांचे. दिवे लागायच्या सुमाराला मावशी आम्हांला हाका मारून कठड्यापासून लांब करायची. का, ते विचारलं तर म्हणायची, "आता तिथं आपलं काम नही."

मी ते एकदाच पाहिलं होतं. भर दुपारी, ऊन सरळ डोक्यावर असताना, विहिरीत खालपर्यंत उजेड जातो. मी कठड्यावर पोट टेकवून वाकले होते. तळाशी दगडांच्या बांधकामात एका जागी सावली होती. मी पाहत असतानाच ती सावली आत ओढली गेली. घाईने नाही, कोणी पाय पोटाशी घेऊन कूस बदलावी, तशी. मी घरात जाऊन मावशीजवळ बसले आणि काही बोलले नाही. तिनेही विचारलं नाही, पण संध्याकाळी माझी दृष्ट काढली.

पुढे मी कॉलेजात असताना विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह बदलायला पाचोऱ्याकडचा एक मिस्त्री आला होता. गडी धट्टाकट्टा, थट्टेखोर. विहिरीचं कोणी सांगितलं तर हसायचा. दोर धरून खाली उतरला, छातीभर पाण्यात उभा राहिला, आणि थोड्या वेळाने काम अर्धं टाकून वर आला. ओल्या कपड्यांनिशी तो दगडावर बसून राहिला. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे नानांनी, त्याला चहा दिला आणि विचारलं, "काय व्हयनं?"

"काही नही, नाना. पायाला टेकलं होतं."

"चावलं?"

"नही. ओढलं बी नही. माणूस दमला का भिंतीला टेकतो ना, तसं टेकलं. मी हललो नही. मग मला वाटलं, ते झोपलं."

तो परत आला नाही. नानांनी त्यानंतर पाण्यात सोडायची मोटार बसवली, दोराने वर-खाली करता येईल अशी. पिण्याचं पाणी गावातल्या नळाचं यायला लागलं होतंच. विहीर शेतीपुरती उरली.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि धुळ्याला एका कॉलेजात शिकवायला लागले. त्याच्या आधी शिक्षणाच्या निमित्ताने काही काळ सुरतेला, तापीच्या मुखाजवळच्या खाडीत काम केलं होतं. माझा भाऊ तिथेच, उधन्याला राहतो. आमच्या अर्ध्या गावाने तिकडेच घरं केली आहेत, त्यामुळे सुरत मला परकी नव्हती. परकी होती ती खाडी. खानदेशातल्या माणसाला चिखल म्हणजे काळ्या मातीचा, पावसाळ्यात चपलेला चिकटणारा आणि दिवाळीपर्यंत भेगाळून जाणारा. खाडीचा चिखल कधीच वाळत नाही. ओहोटी लागली की तो नजर जाईल तिथपर्यंत उघडा पडतो, ओल्या जनावराच्या पाठीसारखा चकाकतो, आणि आवाज करतो. बारीक, सतत, पुटपुटल्यासारखा. तो आवाज खेकड्यांच्या बिळांचा, बुडबुड्यांचा, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या माशांचा असतो, हे मी शिकले. तिवरांची मुळं जमिनीतून बोटांसारखी वर येतात ती श्वास घ्यायला, हेही शिकले. तरी तिथे एकटी असले की मी मागे वळून पाहायची.

त्या चिखलावर केवढ्या जिवांचा संसार उभा असतो, ते वरून कळत नाही. कोळंबी, खेकडे, कितीतरी माशांची पिल्लं तिवरांच्या मुळांत वाढतात आणि मग समुद्रात जातात. थोडे जीव उलट येतात. त्यांतला एक अहीर. लांबट, सापासारखा मासा. तो जन्मतो खोल समुद्रात. नक्की कुठे, ते अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. भरतीबरोबर खाडीत येतात, गोड्या पाण्याची सवय होईपर्यंत तिथे थांबतात, आणि मग नदी चढायला लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात. ओलं गवत असलं तर जमिनीवरूनही सरकत जातात. पुढे बरीच वर्षं गोड्या पाण्यात काढून म्हातारपणी समुद्राकडे परत निघतात, अंडी घालायला आणि मरायला. हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होते.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात मावशीचा फोन आला. त्या साली पाऊस थांबतच नव्हता, आणि वरच्या धरणातून गिरणेत पाणी सोडलं होतं.

"पोरी, तू ये एकदा," मावशी म्हणाली. "इहीरमधलं वर ई राह्यनं."

"वर येतंय? तू पाहिलंस?"

"दिवसा येस. आम्ही दोन्ही देखतस. तुन्हा नाना तठून उठत नहीत."

मी पारोळ्यावरून एसटीने गेले. मळ्यात पोचले तेव्हा संध्याकाळ व्हायला थोडा अवकाश होता. पाऊस नव्हता, पण सगळीकडे पाण्याचा वास होता. कपाशी गुडघाभर चिखलात उभी होती. विहीर मी अशी कधीच पाहिली नव्हती. पाणी काठोकाठ आलं होतं. जुन्या मोटेच्या काळात पाणी ओतायचा जो दगडी पाट होता, त्याच्या तोंडाला लागलं होतं. एरवी खाली अंधारात असलेलं ते पाणी आता हाताच्या अंतरावर होतं, आणि त्यामुळे अंगणात अनोळखी माणूस येऊन बसल्यासारखं वाटत होतं.

नाना पत्र्याच्या शेडखाली खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, काटक, कमी बोलणारे. मला म्हणाले, "बस. येई ते."

आम्ही तिघं बसलो. मावशीने डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता. थोड्या वेळाने विहिरीच्या मधोमध पाणी जरासं फुगलं आणि एक डोकं वर आलं. चपटं, रुंद, पिवळसर तपकिरी, वर काळे ठिपके. मागे अंग दिसत होतं, माझ्या दंडाएवढं जाड, आणि ते संपत नव्हतं. ते कडेकडेने फिरलं. नदीच्या बाजूच्या भिंतीपाशी आलं, तिथल्या दगडावर हनुवटी टेकवली आणि थांबलं. मग परत फिरलं आणि पुन्हा त्याच दगडावर येऊन टेकलं. दुसऱ्या कुठल्याही बाजूला ते थांबत नव्हतं.

मी जवळ गेले. मला काय दिसतंय ते मला कळलं होतं. तो अहीर होता. मी बाटलीत पाहिले होते, बाजारात पाहिले होते, पण असा जुना आणि एवढा मोठा कधीच नाही. आणि त्याचे डोळे मोठे झाले होते. परतीची वेळ आली की अहिराचे डोळे वाढतात, खोल समुद्रात पाहता यावं म्हणून. त्या विहिरीत, मैलोगणती काळ्या मातीच्या मधोमध, त्याचे डोळे समुद्रासाठी तयार झाले होते. ते काय आहे हे माहीत नव्हतं तेव्हा मला कमी भीती वाटायची.

रात्रीचं जेवण आम्ही उजेडीच उरकलं आणि ओट्यावर बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं. खाडी, चिखल, काचेची पिल्लं, समुद्र. मावशी ऐकत होती, पण विश्वास ठेवायला तयार नव्हती.

"मासा शे म्हणतेस?"

"मासाच आहे. गिरणेत वाम मिळते ना, दिसायला तिच्यासारखा. पण हा इथला नाही. सुरतेच्या खाडीतून आलेला आहे."

"सुरतहून अठे? कसा?"

"पोहत. तापी चढत, मग गिरणा चढत. बोटाएवढा असताना."

नाना जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "तापीवर तं ते मोठं धरण शे ना गुजरातमा. तठून कसा उना?"

मी याचाच विचार करत होते. "धरण व्हायच्या आधी आला असणार, नाना. नंतर येता येत नाही. विहिरीत अडकलेला अहीर किती जगतो ते कोणी नीट सांगू शकत नाही. माणसाएवढा जगल्याच्या गोष्टी सांगतात."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी धाकला व्हतू तवय नालाले पूर उना व्हता. इहीर बुडी गई व्हती बठ्ठी. माय सांगे, तवयपासून इहीरमा आसरा शेत." ते थांबले. "म्हणजे मन्हा बराबरीना शे तो."

"असू शकेल."

"काय म्हणतस त्याले?"

"अहीर."

नाना जरासे हसले. "आम्ही बी अहिराणीच बोलतस."

मावशीला हसू आलं नाही. ती विहिरीच्या दिशेने पाहत होती. "इतला वरीस येकलाच?" ती म्हणाली. "अंधारमा? कोणी सोबतले नही?"

"एकटाच."

"मग तो करत काय व्हता?"

"वाढत होता," मी म्हणाले. मावशी उठून आत गेली. बऱ्याच वेळाने मला कळलं की ती आत रडत होती. ज्याला ती जन्मभर कुंकू वाहत आली, ज्याच्या भीतीने तिने पोरंबाळं लांब ठेवली, ते तिथे कोणाचीही वाट न अडवता एकटं पडून होतं, हे तिला सोसलं नाही.

सकाळी उठले तर नाना खाटेवर नव्हते. पावसाची भुरभुर चालू होती. ते विहिरीपाशी उभे होते. पाणी स्थिर होतं, आणि इतकं स्थिर की वरचे थेंब पडून उठणारी वर्तुळंसुद्धा जास्त वाटत होती.

"गया," नाना म्हणाले.

दगडी पाटात चिकट, चांदीसारखा पट्टा उमटला होता. तो पाटाच्या तोंडातून बाहेर पडून गवतावरून पुढे गेला होता. आम्ही तिघं त्याच्या मागे निघालो. पट्टा सात दगडांच्या मधून गेला होता. तिथून घराकडे वळला होता. ओट्याच्या कडेने, माझ्या खोलीच्या खिडकीखालून, दाराच्या उंबऱ्याला लागून गेला होता. मावशीने उंबऱ्यावरची ती ओल बोटाने पाहिली आणि हात पदराला न पुसता तसाच धरून ठेवला. घराच्या कोपऱ्यावरून पट्टा सरळ कपाशीत शिरला होता, नदीच्या दिशेने. सगळ्या वळणांनंतरही दिशा चुकलेली नव्हती.

"कसं कळस त्याले?" नानांनी विचारलं.

"ते अजून आम्हांला कळलेलं नाही."

कपाशीच्या शेवटी बांध होता आणि बांधापलीकडे मुरूम टाकलेला नवा रस्ता. रस्त्याच्या अलीकडे, दोन सरींच्या मधल्या पाण्यात तो पडला होता. पुरुषभर लांब. पोटाकडचा रंग फिकट, जवळजवळ रुपेरी झालेला. कोरड्या मुरमावर चढायचा त्याने प्रयत्न केला होता. हनुवटीखाली खरचटलं होतं. कल्ले सावकाश हलत होते. आम्ही जवळ गेलो तरी तो दूर सरकला नाही. एका डोळ्याने तो आमच्याकडे पाहत होता, किंवा त्या बाजूला पाहत होता. माशाचा डोळा कशावर आहे ते सांगता येत नाही.

नाना खाली बसले. त्यांना बसायला त्रास होतो, तरी चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तसाच बराच वेळ ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"थंडगार शे," ते म्हणाले. "गोणपाट आण. ओलं करीसन आण."

गोणपाटात त्याला घेताना मी एक बाजू धरली, नानांनी दुसरी. वजन माझ्या अंदाजापेक्षा जास्त होतं. तो तडफडला नाही. सगळ्या वाटेवर गोणपाटाच्या आतून एकच हालचाल जाणवत होती, संथ, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी, पोहतानाची. आम्ही त्याला उचलून नेत होतो आणि तो पोहत होता.

गिरणा तांबडी आणि भरून होती. घाटाच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या उघड्या होत्या. मावशीने घरून हिरवा खण, नारळ आणि तांदूळ आणले होते. तिने गोणपाटावरच ओटी भरली. मासा आहे हे तिने मान्य केलं होतं, आणि ओटी भरायची हेही ठरवलं होतं. तिच्या मनात त्या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. आम्ही गोणपाट पाण्यात बुडवून उघडलं. क्षणभर तो तिथेच राहिला, धारेला तोंड करून. मग उलटा फिरला, धारेबरोबर झाला, आणि त्या तांबड्या पाण्यात दिसेनासा झाला.

"पोची का तो?" नानांनी विचारलं.

तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा या गावांपाशी बंधारे आहेत. पुरात त्यांचे दरवाजे उघडतात. पुढे मोठं धरण, त्याचं मैलोगणती पसरलेलं साठलेलं पाणी, वीज काढायची यंत्रं. मी ते सगळं सांगितलं. "पोचेलच असं नाही, नाना."

"पण जाई."

"जाईल. तो थांबणार नाही."

मी धुळ्याला परतले. मावशीशी फोनवर बोलणं होत होतं. ती म्हणाली, नाना आता विहिरीकडे जात नाहीत. मोटार चालू करायचीही गड्याला सांगतात. एकदा तिने फोन त्यांच्याकडे दिला. मी विचारलं, आता तर तिथे काही नाही, मग का जात नाही?

"म्हणूनच," नाना म्हणाले. "मी वाकीसन देखस तं फक्त मीच दिसस."

मग त्यांनी मला सांगितलं की त्यांना ती खाडी पाहायची आहे.

हिवाळ्यात मी त्यांना सुरतेला घेऊन गेले. मावशी आली नाही. "माले नही देखनं," म्हणाली. भावाच्या घरी एक मुक्काम करून सकाळी आम्ही रिक्षाने खाडीवर गेलो. मी काम करायची तेव्हाची खाडी राहिली नव्हती. एका बाजूला भराव घालून जमीन केली होती, दुसरीकडे कोळंबीची तळी खणली होती. तिवरांचा एक पट्टा मधे उरला होता. आम्ही मातीच्या बांधावर उभे राहिलो. ओहोटी होती. समोर तो चिखल, राखाडी, चकाकणारा, आणि त्याचा तो पुटपुटण्याचा आवाज.

नानांनी धोतर सावरत एक पाऊल पुढे टाकलं. त्यांची सावली चिखलावर पडली आणि त्या क्षणी आवाज बंद झाला. चिखलावर हजारो लहान खेकडे होते. ते आधी दिसले नव्हते, नाहीसे झाले तेव्हा दिसले. नुसती भोकं उरली. नाना स्तब्ध उभे राहिले.

"बठ्ठा देखी राह्यनात आपलाकडे," ते हळूच म्हणाले.

खरंच होतं ते. एकेका भोकातून देठावरचे दोन दोन डोळे वर येत होते. आम्ही हललो नाही तसा थोड्या वेळाने आवाज परत सुरू झाला, आधी लांबून, मग जवळ, मग आमच्या पायांखालून.

"इतलासा असतो का, तो अठे येस तवय?" नानांनी करंगळी दाखवली.

"एवढाच. आणि आरपार दिसतो. पाण्यात असला तरी आपल्याला कळत नाही."

"आते बी व्हई इथं?"

"असेल. अजून येतात. पण वर जाता येत नाही, म्हणून खालीच राहतात."

भरती लागलेली आमच्या लक्षात आली नव्हती. ती समोरून येत नाही. तिवरांमधल्या चरांतून, वळसे घेत, मागून येते. मी वळले तेव्हा बांधाच्या मागची वाट पाण्याखाली गेली होती, आवाज न करता. आम्ही घोटाभर पाण्यातून परत आलो. नानांनी माझा हात धरला होता. मधे ते थांबले, खाली वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि उन्हाकडे धरून निरखून पाहिलं. त्यांनी पाणी जपून, परत तिथेच सोडलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं. गव्हाची हिरवी शेतं, केळी, आणि शेतोशेती विहिरी. नाना एकेका विहिरीकडे, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते.

"पोरी," ते म्हणाले, "त्या पूरमा तो येकलाच थोडी उना व्हई."

मीही त्या विहिरींकडे पाहायला लागले. धरणाच्या आधी चढून आलेले, नाल्यानाल्यांतून शिरलेले, कोणाच्या तरी कठड्याखाली, दगडांच्या फटीत पडून राहिलेले. ज्यांच्या विहिरीला कधीच काठोकाठ पाणी आलं नाही असे. त्यांच्यानंतर वर कोणी आलेलं नव्हतं.

अमळनेरच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. रुळांजवळच एक पडकी विहीर होती, कठड्यावर उंबर उगवलेला. नानांनी खिडकीच्या गजांना कपाळ लावलं. गाडी हलेपर्यंत ते त्या विहिरीकडे पाहत राहिले, आणि गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, गावाकडे निघालेला माणूस मागे राहिलेल्या शेजाऱ्याला करतो तसा.